आपल्या माणसासमोर

दिगंबरला आंघोळ घालून झाल्याशिवाय सुमेधा कामावर जात नसे. टबमध्ये प्लास्टिकचं स्टूल, स्टुलावर तो, आणि हिच्या हातात तांब्या. शॉवरचं पाणी छातीवर आलं की त्याचा जीव कोंडायचा, म्हणून तांब्या. पाठ चोळताना बरगड्या हाताला लागत. पायाला साबण लावताना घोट्यापाशी अंगठा रुतायचा आणि तिथं खड्डा पडायचा. तो खड्डा किती वेळानं भरून येतो ते बघून त्या दिवशी पाणी उतरवायची गोळी एक द्यायची की दोन, ते ती ठरवायची.

"आज सूज कमी आहे बघ," तो म्हणायचा. हे तो रोज म्हणायचा.

"आहे खरी," तीही रोज म्हणायची.

मग त्याला पुसून, कपडे घालून, बुटांच्या नाड्या बांधून खिडकीपाशी खुर्चीत बसवायचं, शेजारी थर्मासात चहा, वाटीत गोळ्या. बाहेर अजून उजाडलेलं नसायचं. ती किल्ल्या घेऊन दाराशी गेली की मागून आवाज यायचा, "मागच्या रस्त्यानं जा हं."

समोरच्या रस्त्यावर बियाणं कंपनीच्या मका सुकवायच्या शेड होत्या. त्या शेडचा दिगंबर निकम एके काळी सुपरिंटेंडंट होता. अमेरिकेत, इलिनॉयमधल्या नेपरव्हिल शहराच्या पश्चिमेला दीडेक तासावर एल्मडेल नावाचं हे गाव, चारी बाजूंनी मका आणि सोयाबीन. अख्ख्या गावात मराठी घर हे एकच. शेडमधली माणसं त्याला सर म्हणायची. आता त्याच कंपनीच्या शेतात त्याची बायको रोजावर मक्याचे तुरे उपटत होती, आणि ते त्या माणसांना दिसू नये एवढीच त्याची इच्छा होती. सगळ्या गावाला ते ठाऊक होतं. पण झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि दिगंबरच्या मुठीत दुसरं काही उरलंही नव्हतं.

लहानपणी कुंडलला असताना त्याला सांधेताप आला होता. त्या तापानं हृदयाची झडप कुरतडून ठेवली. तेव्हा कोणाला कळलं नाही. कळलं ते थेट इथं, ऐन चाळिशीत, शेडमधल्या जिन्यावरून तो कोसळून खाली आला तेव्हा. झडप काढून लोखंडाची बसवली. नोकरी गेली आणि नोकरीबरोबर कंपनीचा इन्शुरन्सही गेला. दुसरा कोणी देईना. फोनवर झडप शब्द उच्चारला की पलीकडचा माणूस सभ्यपणे फोन ठेवायचा. मग सरकारची डिसॅबिलिटी, म्हणजे अपंगत्वाचं पेन्शन, लागली, आणि पुढे दोन वर्षांनी मेडिकेअरचं, सरकारी इन्शुरन्सचं, कार्ड आलं. दर महिन्याला रक्त तपासायचं, रक्त पातळ ठेवायच्या गोळीचं माप त्यावर ठरायचं, छातीत पाणी झालं की हॉस्पिटलात जायचं, हे सगळं त्या कार्डावर चाललेलं. तो जगत होता तो त्या कार्डावर, असं म्हटलं तरी चालेल.

आणि वॉशिंग्टनला कायदा बदलला. डिसॅबिलिटी घेणारे सगळे पुन्हा तपासायचे, धडधाकट असतील ते काढायचे. तण काढायचं एकदा ठरलं की माणूस आधी हाताला सोपं येईल ते उपटतो. ब्याऐंशीच्या जुलैत दिगंबरला बोलावणं आलं, अमुक डॉक्टरकडे तपासणीला जा म्हणून.

तो महिना तुरे उपटायचा. बियाण्याच्या मक्यात चार ओळी मादीच्या आणि एक नराची, आणि नराचाच पराग कणसांवर पडावा म्हणून मादीच्या ओळींतला एकही तुरा राहता कामा नये. पहाटे पानांवर इतकं दव असायचं की पाच पावलांत माणूस चिंब. सुमेधा कचऱ्याची काळी प्लास्टिकची पिशवी डोक्यातून घालायची. दुपारी तीच पिशवी आतून घामानं भरायची. मक्याची पानं करवतीसारखी. मान, गाल, मनगटं चरचरत राहायची. आसपास सगळी शाळेतली पोरं आणि टेक्सासकडून आलेली मेक्सिकन कुटुंबं. त्यांच्यात ही एकटी चाळिशी उलटलेली तासगावची बाई.

"मिसेस निकम, ही ओळ परत," मुकादम पोरगा मागून ओरडला. त्याचं मिसरूड अजून पुरतं फुटलं नव्हतं. "तीन तुरे राहिलेत."

ती परत फिरली. ओळ अर्ध्या मैलाची होती. तुरा ओढला की पुच्च आवाज होऊन तो हातात यायचा. माहेरी तिच्या वडिलांचं शेत होतं आणि तिथं ती बांधावर डबा घेऊन जाण्यापलीकडे कधी शेतात उतरली नव्हती. तिला त्याचं हसू यायचं. रडू यायला वेळ नव्हता.

बोलावण्यात डॉक्टरचं नाव होतं. चारुदत्त, आणि आडनावही अस्सल मराठी. दिगंबरनं ते वाचलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"सुमे, आपला माणूस आहे. मंडळाच्या गणपतीत बघितलंय याला. पुण्याचा. आता काळजी नको."

त्या रात्री इलिनॉय युनिव्हर्सिटीतून मुलीचा, सुनेत्राचा, फोन आला. "डॅड, जस्ट टेल देम हाऊ बॅड इट इज, ओके?"

"ओके, ओके," दिगंबर म्हणाला. "आपलाच माणूस आहे गं तो."

जायच्या दिवशी त्यानं सूट मागितला.

"अहो, सपाता घाला ना. आज बुटात पाय जात नाहीयेत," सुमेधा म्हणाली. "आणि काठी घ्या."

"भिकाऱ्यासारखा जाऊ? पहिल्यांदा भेटतोय माणसाला."

आणि रिकाम्या हातानं कसं जायचं? सुमेधानं परसातून मेथी, गवार, मिरच्या, दोन दुधी काढून मोठी पिशवी भरली. परस तिचंच. शेतावरून आल्यावर अंधार पडेपर्यंत ती त्यात असायची, आणि दिगंबर पायरीवर बसून पाण्याची नळी धरायचा. गाडीही तीच चालवत होती. नेपरव्हिल आलं, झाडांच्या सावलीतली मोठी घरं दिसायला लागली, तसा तो म्हणाला, "थांब इथं. इथून मी ड्राइव्ह करतो."

"अहो कशाला?"

"थांब म्हणतो ना."

तिनं गाडी कडेला घेतली. दोघांनी जागा बदलल्या. स्टिअरिंगवर हात ठेवून तो थोडा वेळ श्वास घेत बसला आणि मग शेवटचे तीन-चार ब्लॉक त्यानं गाडी नेली. क्लिनिकच्या पार्किंगमध्ये डॉक्टर चारुदत्त नुकताच जेवून आला होता. त्यानं ड्रायव्हरच्या बाजूनं उतरणारा टायवाला माणूस बघितला. त्या माणसानं मागचं दार उघडून भाजीची पिशवी बाहेर काढली. सुमेधानं ती घ्यायला हात पुढं केला, तर त्यानं कोपरानं तिला बाजूला केलं. दुसऱ्या मराठी माणसादेखत बायकोच्या हातात ओझं द्यायचं म्हणजे काय.

"निकम ना? या, या. अरे वा, हे काय सगळं?"

"घरचंच आहे. बागेतलं."

"कोण करतं एवढं?"

"मीच," दिगंबर म्हणाला. "दुसरं काम काय मला."

आत डॉक्टरनं छाती तपासली, पट्टीवर हृदयाचा आलेख काढला, जुने रिपोर्ट चाळले. पण दोघांच्या गप्पा पुण्यावरून कृषी कॉलेजवर आणि तिथून कोणा सामाईक ओळखीच्या माणसावर गेल्या. चारुदत्त काही वाईट माणूस नव्हता. त्यानं विचारायचं ते सगळं विचारलं.

"जिना चढता?"

"चढतो की. घाई करत नाही इतकंच."

"झोप?"

"उत्तम." तीन उशा पाठीशी घेऊन, बसूनच, हे त्यानं सांगितलं नाही.

"स्वतःचं स्वतः करता सगळं?"

"म्हणजे काय. अजून हातपाय आहेत."

"आणि वहिनी?"

"ती कंपनीत आहे. रिसर्चला."

कोपऱ्यातल्या खुर्चीवर साडी नेसून बसलेल्या सुमेधानं पानांनी कापलेली मनगटं पदराखाली घेतली.  "डॉक्टर," ती म्हणाली, "रात्री त्यांना ना—"

"हिचं काही मनावर घेऊ नका," दिगंबर हसला. "हिला काळजी करायला काहीतरी लागतंच."

"आमच्याकडेही तेच आहे," डॉक्टरही हसला.

सुमेधानं पदर मनगटांवर आणखी ओढला. नवऱ्याला परक्यासमोर खोटं पाडायचं नाही, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. ते तिच्या आईच्या, आजीच्या वागण्यातून अंगात आलं होतं. आणि परक्यापेक्षा आपल्या माणसासमोर तर नाहीच नाही. रस्ताभर ती स्वतःवर चिडत राहिली. पहिल्या पेट्रोल पंपावर दिगंबरनं गाडी थांबवली आणि तो पलीकडच्या सीटवर सरकू लागला, तेव्हा त्याचे ओठ जांभळे झाले होते. घरी आल्यावर दोन दिवस तो खुर्चीतून उठला नाही. तिथंच त्याला तिनं वाटीनं पेज भरवली.

ऑगस्टात निकाल आला. माणूस स्वतः गाडी चालवतो, ओझं उचलतो, बाग करतो. हलकं काम करू शकतो. पैसे बंद, आणि दोन महिन्यांत कार्डही बंद.

"दगा दिला," दिगंबर म्हणाला. "आपल्या माणसानं आपल्याला दगा दिला."

सुमेधा कणीक मळत होती. तिनं मान वर केली नाही. तिला म्हणायचं होतं, त्यानं बघितलं तेच लिहिलं हो. तिनं कणकेला पाणी लावलं.

हलकं काम करू शकतो म्हणता ना, मग देतो करून, म्हणून तो कंपनीत गेला. सुट्ट्या कामाला इन्शुरन्स नव्हता, पण कायम नोकरीला होता. जुना मॅनेजर उठून उभा राहिला, त्यानं कॉफी दिली, आणि त्याला कंपनीच्या डॉक्टरकडे पाठवलं. त्या डॉक्टरनं नळी छातीला लावली, आतल्या लोखंडाची टिकटिक ऐकली आणि मान हलवली. सरकारच्या मते हा माणूस कामाला जाण्याइतका बरा होता. कंपनीच्या मते तो कामावर घेण्याइतका बरा नव्हता. दोघंही सभ्य भाषेत बोलत होते, त्यामुळे भांडायची सोयही नव्हती.

सप्टेंबरात कणसं आली. सुमेधा आता सरकत्या पट्ट्यावर होती. समोरून सोललेली कणसं वाहत यायची, बुरशीची, किडकी उचलून फेकायची. सालपटांची धूळ नाकातोंडात जायची, थुंकी काळी व्हायची. दहा-दहा तास उभं राहून टाचा सिमेंटासारख्या व्हायच्या. घरी येऊन परत तीच आंघोळ, त्याच नाड्या.

कार्ड गेलं तसं रक्त तपासणं थांबलं. एकदा ते दोघं स्वखर्चानं जाऊन आले. पुढच्या महिन्यात तो नको म्हणाला. गोळी मात्र घ्यायलाच हवी, आणि किती घ्यायची ते कळायला मार्ग नाही. जास्त झाली तर रक्त वाहतं, कमी झाली तर झडपेवर गाठ धरते. सुमेधा अंदाजानं गोळीचे सुरीनं दोन तुकडे करायची. एकदा दात घासताना त्याच्या हिरड्यांतून रक्त सुरू झालं आणि सिंक लाल होईपर्यंत थांबलं नाही. तो आरशात बघत होता. "ब्रश कडक आहे," तो म्हणाला. भीती त्याच्या डोळ्यांत स्वच्छ दिसत होती आणि तोंडात ब्रश. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते अशाच कोणाला बघून म्हटलं असेल.

अपील केलं होतं. पहिलं फेटाळलं गेलं. दुसरं जज्जासमोर, डिसेंबरात.

दिवाळीच्या आदल्या रविवारी, इंडियन स्टोअरमध्ये जाऊन येते म्हणून सांगून सुमेधा नेपरव्हिलला गेली. डॉक्टरांच्या बायकोनं, पद्मजानं, दार उघडलं. घरात चकल्या तळल्याचा वास होता.

"अगं ये ना आत. तू निकम ना? काय मेथी होती गं तुझी."

सुमेधानं बूट दारात काढले आणि किचनच्या खुर्चीवर बसली. पद्मजानं पुढं केलेली बशी धरताना तिचे हात उघडे पडले. चिरा, काळे पडलेले नखांचे कोपरे. पद्मजा बघत राहिली आणि मग तिनं नवऱ्याला हाक मारली.

सुमेधानं सगळं सांगितलं. तीन उशा, स्टूल, तांब्या, सूज, गाडीची बदललेली सीट, बाग कोणाची ते. चारुदत्त उभ्यानंच ऐकत होता.

"वहिनी, हे तुम्ही तेव्हा का नाही बोललात?"

"तुमच्यासमोर?" सुमेधा म्हणाली.

तो खाली बसला.  कढईतल्या चकल्या करपायला लागल्या तशी पद्मजा उठली.

"रिपोर्ट मी बदलू शकत नाही," तो शेवटी म्हणाला. "पण हिअरिंगला येतो. जज्जला सांगतो की माझं बघणं अपुरं होतं. नुसता आलेख बघितला असता तरी मला कळायला हवं होतं. गप्पांत राहून गेलं."

सुमेधाचे डोळे भरून आले. परत येताना तिला कित्येक दिवसांनी भूक लागली. दिगंबरला तिनं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यानं डॉक्टरला येऊ नका म्हणून कळवलं असतं.

हिअरिंग रॉकफर्डला होतं. आदल्या रात्री बर्फ पडलेलं. या वेळी दिगंबर सपाता घालून, काठी घेऊन निघाला. हिरड्यांच्या रक्तानं त्याला थोडं शहाणं केलं होतं. "विचारतील ते खरं सांगायचं," सुमेधा गाडीत म्हणाली, आणि त्यानं मान डोलावली. "मला बोलवलं तर मी पण सांगणार."

"सांग," तो म्हणाला.

कचेरीच्या पॅसेजमध्ये चारुदत्त ओव्हरकोट घालून बसला होता. त्याला बघताच दिगंबर थांबला.

"हा कशाला आलाय?"

"आपल्या बाजूनं बोलायला. मीच बोलावलंय."

 सुमेधानं बघितलं, त्याची पाठ हळूहळू सरळ झाली. काठी त्यानं बाकाच्या मागे टेकवली आणि आत जाताना घेतली नाही.

खोली लहान होती. जज्ज सर्दी झालेला म्हातारा गोरा होता, चेहऱ्यानं कनवाळू. आधी डॉक्टर बोलला, आणि चांगलं बोलला. हे हृदय काम करण्याच्या लायकीचं नाही, मी त्या दिवशी चुकलो, असं त्यानं स्पष्ट सांगितलं. जज्ज लिहून घेत होता. मग सुमेधाला विचारलं, घरी रोज काय काय होतं ते सांगा. तिनं तिच्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं. मी त्यांना आंघोळ घालते. मी त्यांना पुसते. नाड्या बांधते. रात्री त्यांना आडवं होता येत नाही. कधी कधी बाथरूमपर्यंत पोचेपर्यंत उशीर होतो, तेही मीच बघते. सांगताना तिनं समोरच्या भिंतीकडे बघितलं. तिचे कान तापले होते, पण ती थांबली नाही.

"मिस्टर निकम," जज्ज म्हणाला, "तुमच्या पत्नी म्हणाल्या ते बरोबर आहे? तुम्हाला काही सांगायचंय?"

दिगंबरनं जज्जाकडे बघितलं नाही. त्यानं चारुदत्तकडे बघितलं. चारुदत्तनं नजर खाली घातली होती, दयेनं, आणि ती दयाच दिगंबरला सोसली नाही. सुमेधाला ते कळलं.

"सर, माझी बायको फार चांगली आहे," तो इंग्रजीत म्हणाला. "पण घाबरट आहे. वाढवून सांगते. आंघोळ मी माझी करतो."

"तुम्ही शपथेवर आहात, मिस्टर निकम."

"हो, सर."

आणि तो उठला. टेबलाला हात न लावता उठला, दारापर्यंत चालत गेला आणि परत आला. कपाळावर घाम होता, पण चाल सरळ होती. शेडमध्ये राउंडला निघायचा तशी. चारुदत्त अर्धवट उठून परत बसला.

जज्जनं पेन खाली ठेवलं. "मिसेस निकम, यावर तुम्हाला काही म्हणायचंय?"

खोलीत हीटरचा आवाज होत होता. नवरा तिच्याकडे बघत होता. ती म्हणाली, "नो, सर."

निकाल पोस्टानं कळवू, असं जज्ज म्हणाला. पोस्टाची वाट बघण्यासारखं त्यात काही राहिलं नव्हतं.

पार्किंगमध्ये चारुदत्तनं त्यांच्या गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडून दिलं. "रक्त तपासायला माझ्याकडे येत जा, पैशांचं बघू नका," असं तो सुमेधाला म्हणाला. पण झडप बिघडली, छातीत पाणी झालं, तर हॉस्पिटल काही त्याचं नव्हतं, आणि हे दोघांनाही माहीत होतं. गाडीत बसलेल्या दिगंबरकडे न बघता तो निघून गेला.

दिगंबर पुढं झुकून, गुडघ्यांवर हात टेकून श्वास ओढत होता. बोलता यायला वेळ लागला.

"त्याच्यासमोर नको होतं गं सांगायला."

"तो मदतीला आला होता."

"म्हणूनच." त्यानं पुन्हा दम घेतला. "चुकलं का माझं?"

लग्न झाल्यापासून या प्रश्नाला सुमेधाचं उत्तर ठरलेलं होतं. तिनं किल्ली हातात घट्ट धरली.

"हो," ती म्हणाली. "चुकलं. जिवावर बेतेल इतकं चुकलं."

तिला वाटलं तो चिडेल. तो चिडला नाही. काचेतून बाहेर बघत म्हणाला, "मग हे आत का नाही म्हणालीस? त्यानं विचारलं होतं तुला."

तेही खरंच होतं. सुमेधानं गाडी सुरू केली.